बिनधुराची भट्टी

भिलाईत आमच्या कॅंप-एक वस्तीतल्या बायका मोठ्या पोलाद कारखान्याच्या चिमण्यांकडे पाहून पापड वाळत घालायचे की नाही ते ठरवायच्या. धूर आमच्या बाजूला वळला की पापड आत, खाटेवरच्या गाद्या आत, म्हातारी माणसंसुद्धा आत. धुराला शिव्या सगळेच घालत. पण एखाद्या सकाळी धूर पातळ दिसला, तर त्याच बायका अंगणात उभ्या राहून एकमेकींना विचारायच्या, "कावून वं, आज का झालं? संप गिंप तं नाही ना?" माझे वडील भंडाऱ्याकडचे. शेती सोडून भिलाईत मजूर म्हणून आले. घरी पत्र लिहायचे त्यात पहिल्या ओळीत खुशाली आणि दुसऱ्या ओळीत 'कारखाना जोरात चालू आहे, धूर फार आहे' असं कौतुकानं कळवायचे.

अशा गावात मी एक उन्हाळा बिनधुराची भट्टी चालवली. संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले आहेत. बढत्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भट्टीवाला म्हणून लागलो आणि भट्टीवाल्यांचा मुकादम म्हणून घरी आलो. त्यापेक्षा त्या उन्हाळ्याची हकिकत सांगतो. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि माझं लग्न व्हायचं होतं. या दोन्ही गोष्टी पुढे बदलल्या.

आमचा कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची एक लांब शेड. आम्ही तार करायचो. जाड सळी घ्यायची आणि बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ती ओढत न्यायची. दर भोकातून जाताना तार बारीक होते तशी कडकही होते. शेवटी इतकी कडक होते की वाकवायला गेलं तर तुटते. मग तिची वेटोळी बंद लोखंडी हंड्यात ठेवून लालबुंद होईपर्यंत तापवायची आणि सावकाश थंड करायची. त्यानंतर ती सुतळीसारखी मऊ होते आणि स्लॅबच्या सळ्या बांधायला मिस्त्री ती घेऊन जातात. हे तापवण्याचं काम माझं.

पण हवेत तापवलेली तार काळी पडते आणि तिचे पापुद्रे निघतात. चकचकीत तार हवी असेल तर हंड्यातली हवा काढून दुसरा वायू भरावा लागतो. तो आम्ही अमोनियापासून करायचो. अमोनिया म्हणजे बर्फाच्या कारखान्यात असतो तोच, नाकाशी आला की माणसाला रडवणारा. सिलिंडरमधला अमोनिया तापलेल्या नळीतून नेला की तो फुटतो आणि त्याचा हायड्रोजन आणि नायट्रोजन होतो. या मिश्रणात तार चांदीसारखी राहते. वापरून झालेला वायू तसाच शेडमध्ये सोडला तर धोका, म्हणून एका नळीच्या तोंडाशी तो जाळून टाकायचा. ही ज्योत दिवसा दिसत नाही. नवा माणूस आला की आम्ही सगळ्यात आधी ती जागा दाखवत असू. एकदा विम्याचे एक एजंट दाखवायच्या आधीच नळीवरची पाटी वाचायला वाकले आणि एक भुवई तिथेच ठेवून गेले. त्यांनी नंतर आमचा विमा उतरवला नाही.

मालक मोघे साहेब नागपूरचे. केमिकल इंजिनिअर. मोठ्या कारखान्यातली अफसराची पक्की नोकरी आणि सेक्टरमधला, म्हणजे कंपनीच्या वसाहतीतला, बंगला सोडून त्यांनी ही शेड घेतली होती. माणूस उंच, सडपातळ, आणि डोक्यात कायम काहीतरी शिजत असलेला. मोघेवहिनी ऑफिस सांभाळायच्या. साहेबांच्या डोक्यात काही नवीन आलं की त्यांच्या आवाजावरून वहिनींना ते आधी कळे आणि त्या मुकाट्यानं चष्मा काढून पुसायला लागत. वहिनी चष्मा पुसताना दिसल्या की आम्हीही सावध व्हायचो.

त्या साली भट्टीचं तेल मिळेनासं झालं. टॅंकर आज येतो, उद्या येतो, असं करत महिना गेला. हंडे थंड पडले, तार कडकच राहिली आणि आम्ही भट्टीपुढे बसून पत्ते खेळायला लागलो. हंड्यांत हवा शिरू नये म्हणून विजेवर तापणाऱ्या नळीतून वायू मात्र थोडा चालू ठेवला होता. एका दुपारी मोघे साहेब त्या न दिसणाऱ्या ज्योतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग वळून म्हणाले, "मधू, आपण मूर्ख आहोत. जळण दारात आहे आणि आपण ते हवेत फुकून देतो आहोत." ऑफिसच्या काचेतून पाहिलं तर वहिनींनी चष्मा काढला होता.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. कोळशात कार्बन, तेलात कार्बन, लाकडात कार्बन, म्हणून काजळी आणि धूर. अमोनियात कार्बन नाहीच. तो नीट जळला तर मागे पाण्याची वाफ आणि नायट्रोजन उरतो. दोन्ही हवेत आधीपासून असतात. बर्फवाल्यांना सिलिंडर पुरवणाऱ्याकडे माल पडून होता. मग भट्टी अमोनियावरच का पेटवू नये?

न पेटवण्याची कारणं अमोनियानं स्वतःच दाखवायला सुरुवात केली. एक तर तो पेटायलाच तयार नव्हता. तेल कसं ठिणगी दिसताच भडकतं. अमोनियापुढे आम्ही टेंभा धरला तर टेंभाच विझायचा. आमचा फिरतूराम, अहिवाऱ्याकडचा छत्तीसगढी गडी, माझ्याहून वयानं बराच मोठा आणि भट्टीवर माझा जोडीदार, तो म्हणाला की ही बहुतेक आग विझवायची औषधी आहे, दुकानदारानं चुकीची बाटली दिली. मोघे साहेबांनी मग थोडा अमोनिया आधी फोडून त्याचा हायड्रोजन बाकीच्या अमोनियात मिसळला. हायड्रोजन तापट. तो पेटतो आणि सोबत अमोनियालाही ओढून नेतो. ही युक्ती चालली. बर्नरच्या तोंडाशी जर्दाळूच्या रंगाची ज्योत उभी राहिली आणि साहेबांनी फिरतूला मिठी मारली. त्यानं ती सबंध वेळ ताठ उभं राहून सोसली.

पुढचं भांडण हवेशी. हवा कमी दिली की न जळलेला अमोनिया चिमणीतून बाहेर पडायचा. आमच्या शेजारी मुरमुऱ्याची भट्टी होती. तिथले कामगार डोळ्यांना ओले गमछे लावून आमच्या फाटकाशी यायचे आणि विचारायचे, आज कोण मेलं. काही लोक मात्र मुद्दाम यायचे. वसाहतीत सर्दीची साथ होती आणि आमच्या भिंतीशी दोन मिनिटं उभं राहिलं की नाक मोकळं होतं अशी बातमी पावर हाउस भागातल्या बाजारापर्यंत गेली होती. एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या आणि त्यांनी मला नीट विचारलं, "वास कोणत्या टायमाले सुटते?"

वास जावा म्हणून हवा वाढवली तर चिमणीतून तांबूस-पिवळा धूर यायला लागला. साहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा काजळीचा धूर नव्हता. अमोनियातल्या नायट्रोजनलाच जास्तीची हवा चिकटली की हा तयार होतो आणि छातीला तो काजळीपेक्षा वाईट. म्हणजे हवा कमी तर वास, हवा जास्त तर विष. आठवडाभर साहेब घरी जेवले नाहीत, डबा भट्टीवरच यायचा. शेवटी त्यांनी हवेचे दोन वाटे केले. बर्नरशी हवा गरजेपेक्षा थोडी कमी द्यायची, म्हणजे तो तांबूस प्रकार तयारच होत नाही. उरलेला वायू थोडा वर गेला की तिथे भोकांचं एक कडं बसवून बाकीची हवा द्यायची, म्हणजे राहिलेलं सगळं जळून जातं. दोन झडपा, एक खालची, एक वरची. त्या एकमेकींशी जुळवून ठेवणं हे माझं काम झालं आणि ते मला जमलं, हे मी इथं सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

त्यानंतर चिमणीतून काहीही निघेना. वास नाही, रंग नाही, काजळी नाही. मे महिन्यातलं भिलाईचं आकाश आणि त्यात आमची चिमणी नुसती उभी. खाली हंडे लालबुंद. सिलिंडरमधून अमोनिया भराभर ओढला जायचा तेव्हा सिलिंडर इतका गार पडे की भर उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरं दव गोठायचं. फिरतूराम आपल्या बासीची डेगची, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात ती, त्याला टेकवून ठेवायचा. जेवायच्या सुट्टीत बासी, कांदा, हिरवी मिरची. असा गारेगार डबा मोठ्या कारखान्याच्या जनरल मॅनेजरलाही मिळत नसेल, असं तो म्हणायचा. मुरमुरेवाले आता टरबूज घेऊन यायला लागले.

आणि इथूनच खरी पंचाईत सुरू झाली.

माझ्यासाठी साकोलीची एक मुलगी पाहिली होती, सुमन. पाहायला गेलो तेव्हा तिनं पोहे दिले आणि माझ्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का. ती म्हणाली, "येते, पण आज पोहे वहिनीनं केले." मला ती तिथेच आवडली. तिचे वडील बोरकर गुरुजी, शाळामास्तर. त्यांना मुलगा पसंत होता, पण नोकरी खाजगी आहे म्हणताच त्यांनी ठरवलं की कारखाना डोळ्यांनी पाहायचा. ते कुणाला न सांगता भिलाईला आले, वसाहतीत गेले, आमच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर तास-दोन तास बसले आणि परत गेले. आत आले नाहीत. चार दिवसांनी साकोलीहून माझ्या मामांच्या हाती निरोप आला की पोरगा चांगला हाय, पण कारखाना बंद हाय.

आई माझ्याकडे पाहायला लागली. "तू रोज डबा घेऊन जाते कुठं?"

मी समजावून सांगितलं की भट्टी चालू आहे, फक्त जळण असं आहे की धूर होत नाही. मामांनी तो निरोप साकोलीला पोचवला. गुरुजींनी विचारलं, जळण कोणतं. मामांनी सांगितलं, अमोनिया. गुरुजी विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "अमोनिया तं मुतारीत असते. त्याच्यावर का भट्टी चालते?" मग त्यांनी तालुक्यातल्या दुसऱ्या एका स्थळाची चौकशी सुरू केल्याचं कळलं.

मी हे दुःख घेऊन मोघे साहेबांकडे गेलो, तर त्यांच्याकडे त्याहून मोठं दुःख होतं. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बांधकाम कंपनी. सगळा माल तेच उचलायचे. त्यांचे खरेदी अधिकारी सिन्हा साहेब जीपमधून वसाहतीतून गेले होते, त्यांना आमची चिमणी कोरडी दिसली आणि त्यांनी वर कळवलं की या लोकांचं काम बंद पडलं आहे, पावसाळ्याआधीची ऑर्डर दुसऱ्याला द्यावी. आता ते एकदा प्रत्यक्ष येऊन खात्री करणार होते. ऑर्डर गेली असती तर शेड विकावी लागली असती आणि आम्ही सगळे पुन्हा पत्ते खेळायला लागलो असतो.

मोघे साहेबांना मात्र त्याची काळजी नव्हती. ते म्हणाले, येऊ दे, दाखवू. त्यांना हवे होते प्रदूषणवाले. ते खातं तेव्हा नवंनवं होतं. साहेबांची फार इच्छा की त्यांच्या माणसानं यावं, चिमणी पाहावी आणि 'धूर नाही' असं सही करून द्यावं. त्यांनी दोनदा विनंती केली. तिथल्या सज्जन कारकुनानं सांगितलं की माणसं थोडी आहेत, तक्रार असेल तिथे आधी जातात. तुमची तर काही तक्रारच नाही. साहेबांनी घरी येऊन विचार केला आणि स्वतःच्या कारखान्याविरुद्ध तक्रार करायचं ठरवलं. सही वहिनींची. 'सदर कारखान्याच्या चिमणीतून घोर काळा धूर निघतो व आम्हां रहिवाशांचे हाल होतात.' वहिनींनी सही करण्याआधी चष्मा बराच वेळ पुसला.

सिन्हा साहेब यायचे त्या दिवशी आम्ही शेड झाडून घेतली. झडपा जुळवून मी भट्टीपुढे उभा होतो. मोघे साहेब नवीन शर्ट घालून फाटकात. जीप आली. तेवढ्यात मला बाहेरून लोकांची गलबल ऐकू आली. मी बाहेर येऊन वर पाहिलं. आमच्या चिमणीतून धूर निघत होता. साधासुधा नाही. काळा, पिवळा, करडा, जाड, गाठीगाठीचा. मोठ्या कारखान्यालाही शोभला असता.

मला वाटलं भट्टीत काहीतरी फुटलं. आत धावलो तर ज्योत शांत, जर्दाळूच्या रंगाची. मागच्या बाजूला गेलो तर चिमणीच्या पायथ्याशी साफसफाईचं लोखंडी दार असतं, ते उघडं आणि त्याच्यासमोर फिरतूराम उकिडवा बसलेला. ओलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, जुनी पोती आणि तेलाचे बोळे तो आत सारत होता.

"ये का करत हस, फिरतू?"

तो घाम पुसत म्हणाला, "पैरा डारत हँव. धुआँ नइ दिखही त साहेब मन बंद हे कहिहीं. तोर बिहाव घलो टूट गे."

धूर दिसला नाही तर साहेब लोक कारखाना बंद म्हणतील, म्हणून तो तणस जाळत होता, आणि माझं लग्न मोडल्याचं त्याला माझ्याइतकंच लागलं होतं. रागवायला वेळ नव्हता, कारण फाटकात सिन्हा साहेब वर पाहत मोघे साहेबांचा हात हलवत होते. "वाह, मोघे साहब, आपकी फ़ैक्टरी तो धड़ल्ले से चल रही है." मोघे साहेब पांढरेफटक. त्यांच्या मागे रस्त्याच्या कडेला एक सायकलरिक्षा थांबली होती. तिच्यातून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उतरले, त्यांनी पिशवीतून एक जाड कागद काढला, हात लांब करून चिमणीसमोर धरला आणि एक डोळा मिटून पाहायला लागले.

ते प्रदूषण खात्याचे तिवारीजी. तक्रारीची दखल घेतली गेली होती.

त्या कागदावर करड्या रंगाचे चौकोन असतात, फिकटपासून काळ्यापर्यंत. धूर कोणत्या चौकोनाशी जुळतो ते पाहून त्याला नंबर द्यायचा. तिवारीजींनी सगळ्यात काळा चौकोन पाहिला, धूर पाहिला, पुन्हा चौकोन पाहिला आणि म्हणाले, "शिकायत तो बिलकुल सही है."

एका माणसाला धूर आहे म्हणून आनंद, दुसऱ्याला धूर आहे म्हणून गुन्हा. मोघे साहेबांना दोघांपैकी एकालाच खूश ठेवता आलं असतं. गप्प राहिले असते तर ऑर्डर हातात होती. तिवारीजींनी फार तर ताकीद दिली असती. मी त्यांच्या कानात सांगितलं की हे फिरतूचं काम आहे. साहेबांनी नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग दोघांना म्हणाले, माझ्याबरोबर मागे या.

मागे फिरतूराम नवा पेंढा सारत होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं, लांब आकडा घेतला आणि जळतं तणस, पोती, बोळे सगळं बाहेर ओढलं. नवीन शर्टाचं वाटोळं झालं. दार लावलं. धूर पातळ झाला, तुटक झाला, थांबला. चिमणी रिकामी.

"लो," सिन्हा साहेब निराशेनं म्हणाले, "आपने तो भट्टी बुझा दी."

तिवारीजींनीही कागद खाली केला. बंद भट्टीचं निरीक्षण करता येत नाही, ते म्हणाले. चालू असताना पाहायला हवं.

मोघे साहेबांनी दोघांना भट्टीच्या झरोक्यातून आत पाहायला लावलं. आत सगळं लाल. सिन्हा साहेब म्हणाले, ही आधीचीच धग असेल. मग त्यांनी शेडभोवती फिरून तेलाची टाकी शोधून काढली आणि तिच्यावर बोटांनी वाजवलं. टाकी ढोलासारखी वाजली. मग लाकडं शोधली, कोळसा शोधला. तिवारीजीही त्यांच्यासोबत शोधायला लागले. आता दोघांना एकच प्रश्न पडला होता, की हे लोक जाळतात काय. साहेबांनी दव गोठलेले सिलिंडर दाखवले. तिवारीजींनी बोट लावून पाहिलं आणि झटक्यात मागे घेतलं. इतक्या गार वस्तूवर भट्टी चालते, हे ते मानायला तयार नव्हते.

शेवटी वहिनी बाहेर आल्या. त्यांनी चिमणी नीट दिसेल अशा जागी सावलीत दोन खुर्च्या मांडल्या आणि म्हणाल्या, बसा, धग आधीची असेल तर भट्टी काळी पडेल, नसेल तर लालच राहील, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग सिलिंडरला टेकवून गार केलेलं लिंबूसरबत दिलं. दोन्ही अधिकारी मे महिन्याच्या दुपारी खुर्चीत बसून, काहीही न निघणाऱ्या चिमणीकडे टक लावून पाहत राहिले. वसाहतीतले लोक भिंतीवर चढून त्या दोघांकडे पाहत होते. मधूनमधून सिन्हा साहेब उठायचे, झरोक्यात डोकावून यायचे आणि म्हणायचे, "अभी भी लाल है." तिवारीजी कागद धरायचे, कोणताच चौकोन जुळत नाही म्हणून मान हलवायचे आणि पुन्हा सरबत घ्यायचे. मी दोन्ही झडपांवर हात ठेवून इतका ताठ उभा होतो की पाठ धरली.

बऱ्याच वेळानं मी आदल्या दिवशीचा थंड झालेला हंडा उघडला. तार चांदीसारखी. सिन्हा साहेबांनी तुकडा वाकवला, पिळला, पुन्हा सरळ केला. तुटला नाही. ऑर्डर तिथेच पक्की झाली. निघताना मात्र त्यांनी मोघे साहेबांना बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं की सगळं उत्तम आहे, पण आमचे बडे साहब येतील तेव्हा थोडासा धूर ठेवा.

तिवारीजींनी अहवाल लिहायला घेतला आणि तक्रारदार कोण ते पाहिलं. "ये श्रीमती मोघे कौन हैं?"

"मैं," वहिनी रिकामे ग्लास गोळा करत म्हणाल्या.

तिवारीजींनी ग्लासाकडे, वहिनींकडे, मग साहेबांकडे पाहिलं. "आपने अपने ही पति की फ़ैक्टरी की शिकायत की?"

"घर में तो सुनते नहीं," वहिनी म्हणाल्या, "सोचा, सरकार की सुनेंगे."

तिवारीजी इतके हसले की टोपी काढून ठेवावी लागली. पण माणूस कर्तव्याचा पक्का. जे डोळ्यांनी पाहिलं तेच त्यांनी लिहिलं. येताक्षणी घोर धूर दिसला, तो ओल्या तणसाचा होता, तणस काढल्यावर धूर नाही, कारखान्यानं यापुढे तणस जाळू नये. अमोनियाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मोघे साहेबांना धूर नसल्याची सही हवी होती, मिळाली तणसाची ताकीद. ती त्यांनी ऑफिसात भिंतीवर लावली.

पाऊस पडेपर्यंत आम्ही अमोनियावर काम केलं. मग एकेक अडचण पुढे आली. अमोनिया तापलेल्या लोखंडात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. बर्नरची तोंडं बांगडीसारखी तडकायला लागली, नवी करावी तर पुन्हा तेच. पेरणी आली तसा अमोनिया खताच्या कामाला जाऊ लागला आणि सिलिंडर मिळेनासे झाले. त्याच सुमारास तेलाचा टॅंकर दारात येऊन उभा राहिला. मोघे साहेबांनी टॅंकरकडे असं पाहिलं जसं नको असलेला पाहुणा मुक्कामाला आला आहे. पण हंडे तापवणं भाग होतं. मी वरचं हवेचं कडं काढून पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. नीट धातू मिळाला असता, थोडा वेळ मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही करतो. आता म्हणे मोठमोठी जहाजं अमोनियावर चालवायचं चाललं आहे. मुलानं सांगितलं तेव्हा मी त्याला हवेच्या दोन वाट्यांबद्दल सांगायला लागलो, तर तो म्हणाला, बाबा, खाना ठंडा हो रहा है.

तेल सुरू झाल्यावर काही दिवसांनी मामांनी बोरकर गुरुजींना पुन्हा भिलाईत आणलं. दुसरं स्थळ जुळलं नव्हतं. खरं तर सुमननंच घरी सांगितलं होतं की कारखाना बंद असो की चालू, माणूस खोटं बोललेला नाही. हे मला लग्नानंतर कळलं. गुरुजी या वेळीही आत यायला तयार नव्हते. फाटकाबाहेर छत्री टेकून उभे, नजर वर. पण मी भट्टी नीट जुळवून ठेवली होती, त्या उन्हाळ्यात तीच सवय लागली होती. तेल असूनही धूर जेमतेम, एक करडी रेघ. गुरुजींच्या कपाळावर आठी.

मोघे साहेब ऑफिसच्या दारात होते. त्यांनी मला विचारलं, हे कोण. मी सांगितलं, साकोलीचे बोरकर गुरुजी. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, त्या करड्या रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी हवेची झडप अर्धी मिटली, तेलाचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं मोकळा सोडला आणि भट्टीकडे पाठ करून उभे राहिले.

बाहेरून गुरुजींचा आवाज आला. मामांना सांगत होते, "हे पाहा, आता कसा कारखाना वाटून राहिला."